पाय धुवायला पाणी

पौर्णिमेला आनंदाबाईची पेटी अंगण ओलांडायची, म्हणून वच्छलाने सकाळीच दाराशी पाण्याचा लोटा भरून ठेवला होता.

अंगण म्हणजे तरी किती, बावीस पावलं. अलीकडे थोरल्या हिरालालचं घर, पलीकडे धाकट्या संघपालचं, आणि मधे एका कडेला त्यांच्या बापाची, सुखरामची, कौलारू खोली, जिच्यात आता धानाची पोती आणि मोडका नांगर राहत होता. एकोणीस वर्षांपूर्वी भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले, तलावाखालच्या भाताच्या बांध्या वाटल्या. थोरली बहीण तेवढी उरली. ती काही बांधी नव्हती मधे मातीचा धुरा घालायला. मग तोड निघाली, एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे, आणि बदल दर पौर्णिमेला. आनंदाबाई तेव्हा पन्नाशीची होती. तिने हूं की चूं केलं नाही. बाविसाव्या वर्षी नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा करडीहून जी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ती बापाच्या दारात आली होती, तीच उचलून ती अंगण ओलांडू लागली. आता एकोणसत्तर वर्षांची झाली तरी पेटीला कोणाला हात लावू देत नसे.

आणि दर खेपेला वच्छला तिला दाराशी लोटा द्यायची. पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी, मग बसायला, मग प्यायला, ही आपल्या गावाकडची रीत. एकोणीस वर्षांत एकदाही चुकली नाही. "नणदेचा एवढा मान ठेवनारी भावजय दाखवा गावात," असं वच्छला बोअरवेलवर छातीठोकपणे सांगे, आणि खरंच कोणाला दाखवता येत नसे.

तिचा मान नुसता तोंडदेखला नव्हता. सुरुवातीची वर्षं नणंद पातेल्यात डोकावून "वरन पातळ झालं का ग?" म्हणायची तेव्हा वच्छलाच्या कपाळावर आठी यायची, हे खरं. पण लेक तृप्ती झाली तेव्हा वच्छला पंधरा दिवस तापाने फणफणली होती. त्या पंधरा दिवसांत आनंदाबाई सकाळी रोवण्याला जाई, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भाताचे पऱ्हे लावी, आणि घरी आली की बाळाची आंघोळ, बाळंतिणीचा शेक, सारं तीच करी. ते वच्छला विसरली नव्हती. विसरणाऱ्यांतली ती नव्हतीच.

त्या दिवशी सकाळी दोघी मिळून मंगेशच्या रेशन दुकानात गेल्या. कार्डावरच्या प्रत्येकाने मशीनवर अंगठा द्यायचा होता, नाहीतर नाव कटणार, असं दोन महिने दवंडी चालली होती, आणि आपल्या लोकांप्रमाणे सगळे शेवटच्या आठवड्यात उगवले होते. मंगेश हा मधुकररावांचा नातू. त्याच्या आजोबांच्या बांध्यांत आनंदाबाईने तीस पावसाळे रोवणा केला होता, टोळीची पुढारीण म्हणून.

"बोट पुसा बरं आत्याबाई," मंगेश म्हणाला. "पुन्हा ठेवा."

मशीनने तिसऱ्यांदा नाक मुरडलं.

"कशी घेईन ते मशीन?" रांगेतली एकजण म्हणाली. "रोवण्यानं बोटायच्या रेषाच नाही राह्यल्या बाप्पा. माहंही तसंच झालं."

आनंदाबाईने आपली बोटं उन्हाकडे धरून पाहिली. गुळगुळीत होती खरी.

"रेषेचं निघते काही तरी, डोळ्यानं घेता येते," मंगेश म्हणाला. मग त्याने मान खाली घातली आणि पडद्यावर बोट फिरवत राहिला. "पन काकू, आत्याबाईचं नाव तुमच्या कार्डातच नाही."

"नाही कसं? पाह्य बरं नीट. आनंदाबाई सुखराम रामटेके."

"हिरालाल, वच्छला, तृप्ती. तीन नावं हाय."

"मंग करुणाच्या कार्डात असंन. धाकट्याइकडे."

मंगेशने तेही उघडलं. "संघपालभाऊ, करुणाताई, अन् दोन पोट्टे. चार."

वच्छलाला आधी मशीनचाच राग आला.

"काकू, एकोनीस वर्सं झाले तुमचे कार्डं येगळे होऊन," मंगेश म्हणाला. "तवापासून आत्याबाई कोनाच्याच घरात नाही." मग त्यालाच ते कसंसं वाटलं असावं. "म्हंजे कागदावर म्हनतो मी," तो घाईने म्हणाला.

वच्छलाने नणंदेकडे पाहिलं. आनंदाबाई रिकामी पिशवी चौकोनी घडी घालून काखेत ठेवत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नवीन ऐकल्यासारखं नव्हतं.

"ताई, तुमाले माहीत होतं का?"

"चाल घरी. ऊन तापून राहिलं."

*

संघपाल राइस मिलमध्ये ऑपरेटर होता. वर्षाचे दिवस भुशात जायचे आणि चार दिवस माइकवर. जयंतीला, धम्मचक्र दिनाला, संविधान दिनाला आणि एखाद्या पौर्णिमेला विहारात त्याचा आवाज असा लागे की तलावावरचे बगळे उडत. आज त्याने बापावर भाषण केलं होतं. छपन्न साली सुखराम नागपूरहून दीक्षा घेऊन परतला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने गावाची जुनी वेठ सोडली. सहा महिने कोणी कामावर बोलावलं नाही. घरात अंबाडीची भाजी आणि पेज. त्याच वर्षी पहिलं लेकरू झालं, आणि उपाशी घरात त्याने पोरीचं नाव ठेवलं आनंदा. हे ऐकताना समोरच्या रांगेत आनंदाबाईने पदराने डोळे पुसले होते.

त्या भरात तो थोरल्याकडे जेवायला बसला. पौर्णिमेचं जेवण सगळ्यांचं एकत्र असायचं. नागपूरहून तृप्ती आलेली होती, त्याची बायको करुणा पोळ्या लाटत होती. आनंदाबाई जेवण लवकर उरकून मागच्या दाराने कुठेतरी गेली होती. वच्छला लाखोळीचं वरण वाढत पुढे आली आणि डाव हातात धरून तिथेच थांबली.

"भाऊजी, आज कायच्यावर बोलले विहारात?"

"हक्कावर बोललो वहिनी. आल्ते न तुमी?"

"आल्ती. मंग एक सांगा. ताईचं नाव कोनाच्या कार्डात हाय?"

"दादाच्या," संघपाल म्हणाला.

"संघपालच्या," हिरालाल त्याच क्षणी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वच्छलाने वरणाचं पातेलं खाली ठेवलं. "कोनाच्याच नाही," ती म्हणाली, आणि दुकानातलं सगळं सांगितलं.

मग व्हायचं तेच झालं.

"तू थोरला हायस दादा! चूल येगळी करताना बहिनीचं नाव आपल्याकडं ठेवाले नको?"

"पाळी तुनं काढली. तुनं! तहसीलात फारमं तू भरले, मी त अंगठ्यापुरता गेल्तो. मले वाटलं, भरलं असंन यानं."

"मले वाटलं, थोरल्याकडं राह्यते बापाच्या मागं."

"वाटलं! एकोनीस वर्सं वाटूनच राहिलं दोघायले," वच्छला म्हणाली.

हिरालाल भात कालवता कालवता थांबला. हा माणूस मुळात सावकाश. शेतात पाणी कुठून फुटलं ते बघायला तो आधी अर्धा तास धुऱ्यावर बसून राही.

"म्हंजे संघपाल," तो म्हणाला, "ताईच्या वाटचं धान्य तुनं कधी उचललंच नाही?"

"कुठून उचलन? मी त समजत होतो का तू उचलतं."

"मी समजत होतो तू."

"अन् तरी तू म्हयनाभर तिले आपल्यातलं घालत होता?"

"मंग काय उपाशी ठेवत होतो?" हिरालाल म्हणाला. "तू त कधी एक शब्द बोलला नाहीस रे, का दादा, धान्य तू उचलतं अन् जेवू मी घालतो."

"तू तरी कुठी बोललास?"

भांडण तिथेच बसकण मारून बसलं. संघपालला आठवलं, ज्या वर्षी मिल चार महिने बंद होती त्या वर्षी हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. रात्री करुणाने मोजून भाकरी केल्या होत्या आणि ताईने आपल्या ताटातली अर्धी उचलून पोराच्या ताटात टाकली होती. ते बघून त्याने ते वाक्य गिळलं होतं. दादानेही कधीतरी असंच गिळलं असणार. त्याला भावाचं एकदम इतकं प्रेम आलं की तो उठून उष्ट्या हातानेच त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"आता माह्या कार्डावर घालू," तो म्हणाला. "उद्याच. तृप्ते, सगळ्यात मोठी बाई घरची प्रमुख, असाच नियम हाय न? ताईच प्रमुख! करुणाले काही नाही वाटत."

"माह्यावर घालू," हिरालाल म्हणाला. "आमची माणसं कमी हाय."

"नाही दादा, या बाबतीत मी नाही आयकत."

"अन् सोमवारी मिस्त्री येऊन राहिला, त्याचं काय?" करुणा पोळपाटावरून म्हणाली. संघपालच्या वाटणीत बापाची खोली आली होती. ती पाडून तिथे करुणाच्या शिलाईचं दुकान व्हायचं होतं. "माह्याकडं ताईचं नाव लागलं त ताईची पेटी ठेवाले जागा पाह्यजे न आता. म्हयन्याची गोष्ट नाही राह्यली."

यावर दोघे भाऊ पुन्हा बोलू लागले. कोणाची पडवी मोठी, कोणाकडे पंखा चांगला. तृप्ती हात धुवून बाहेर पडली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

*

तृप्तीच्या पिशवीत बत्तीस फॉर्म होते. नागपूरला समाजशास्त्रात ती संशोधन करत होती, विषय एकट्या राहणाऱ्या ग्रामीण बायकांचं काम आणि घरातलं त्यांचं स्थान. आसगावपासून पवनीपर्यंत ती घरोघर फिरली होती. सातवा प्रश्न होता, शिधापत्रिकेत आपलं नाव आहे काय? बत्तीस बायकांना तिने तो विचारला होता, पान भरून उत्तरं लिहिली होती. जिने तिच्या डोक्याला बारा वर्षं तेल लावलं, ती तेहतिसावी बाई आपल्याच अंगणात अलीकडून पलीकडे जाते, हे तिला सुचलंच नव्हतं. मार्गदर्शक मॅडमना हे काय तोंडाने सांगायचं, असा एक मूर्ख विचार आधी आला. मग नुसतीच लाज वाटली.

आत्या आजोबांच्या खोलीत होती. पोती एका बाजूला सरकवून ती कोपरा झाडत होती.

"आत्या, बाबा अन् काका भांडून राहिले, तू कोनाच्या कार्डावर म्हून."

"भांडू दे. प्रेमानं भांडून राहिले. आवाजावरून समजते." आनंदाबाईने राखेचा ढीग सुपात भरला. "हे पाह्य. बाबाची चूल. अजून धड हाय. एक बाजू तेवढी ढासळली."

"तुले कोनी विचारलं का, का तुले काय पाह्यजे?"

आनंदाबाई सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला रोवण्याच्या बांधीत विचारलं असतं, कोणती बाई कोणत्या ओळीत, पऱ्हे किती बोटांवर, तर विचारणाऱ्याने तोंड मिटायच्या आत तिने उत्तर दिलं असतं. या प्रश्नाला वेळ लागला.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "अन् मीही सांगतलं नाही. माहीही चूक हाय पोरी."

"एकट्या बाईचंही कार्ड निघते आत्या. चूल येगळी पाह्यजे फक्त."

"माहीत हाय मले," आनंदाबाई म्हणाली. "मंगेशच्या बापानंच सांगतलं होतं. आठ वर्सं झाले."

*

ऊन उतरल्यावर आनंदाबाई धाकट्याच्या घरातून पेटी घेऊन निघाली. सगळे अंगणात होते. दोन्ही भाऊ बाजेवर शेजारी शेजारी बसले होते, म्हणजे त्यांचं काहीतरी ठरलं होतं. लहानपणापासून तिला त्यांच्या बसण्यावरून कळायचं. माय गेली तेव्हा संघपाल आठ वर्षांचा होता आणि ती नुकतीच करडीहून आली होती. तिला मूल झालं नाही म्हणून तिला टाकली होती, आणि इथे एक मूल तिची वाटच बघत बसलं होतं. त्याबद्दल ती कधी कोणाजवळ बोलली नाही, पण त्या वर्षाचं तिला मनातून नेहमी चांगलंच वाटत आलं होतं.

"ताई, ठरलं," संघपाल उठून म्हणाला. "माह्या कार्डावर तू, अन् तूच प्रमुख. पाळी मातर राहू द्यायची. दादाले तुह्याबिगर करमत नाही."

पेटी घेऊन ती थोरल्याच्या दाराशी आली. वच्छलाने सवयीने लोटा पुढे केला.

"घ्या ताई. पाय धुवा."

आनंदाबाईने पेटी खाली ठेवली. लोटा घेतला नाही.

वच्छलाचा हात तसाच राहिला. असं कधी झालं नव्हतं. "काय झालं? रागावले का ताई? आमची चूक झाली न जी..."

"रागानं नाही वच्छला. एक इचारते. आज तृप्ती नागपूरहून आली. तिले देल्लं का पाय धुवाले पानी?"

"तिले कायले? ते त घरची..."

वच्छला तिथेच थांबली. लोट्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं.

"तुह्या पान्याले नाव नाही ठेवत मी," आनंदाबाई म्हणाली. तिचा आवाज बांधीत हाक मारायचा होता, घरात तो तिने नेहमी आवरूनच वापरला होता. आता तो थोडा सुटला. "एवढा मान कोनी नाही देत. मी सांगते साऱ्याईले. पन मी सत्तेचाळीस वर्सं पाहुनीच हाय बाई. आधी बाबाच्या घरची, मंग ह्या घरची, त्या घरची. पाहुन्याले वरन पातळ झालं म्हनता येत नाही. म्हनलं होतं मी सुरवातीले, तुह्या कपाळावर आठी पाह्यली, अन् सोडलं."

वच्छलाने मान खाली घातली.

"अन् तुमी दोघं. मले माहीत होतं, माहं नाव कोठीच नाही म्हून. सांगतलं नाही. एकाच्या कार्डात गेली असती त दुसऱ्याले वाटलं असतं, ताईनं मले सोडलं. अन् मी पाह्यत होती न. हा समजते त्यानं उचललं, तो समजते ह्यानं उचललं, अन् तरी माह्या ताटात दोघंही वाढून राहिले. मिल बंद होती तवाही. कोनी बोललं नाही. असे भाऊ कोनाले भेटते? मले गोड वाटे. म्हून गप्प राह्यली." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमचे उपकार..."

"उपकार म्हनू नको ताई," हिरालाल बाजेवरून म्हणाला.

"म्हनीन. हाय तेवढे म्हनीनच. पन आता मले माहं कार्ड पाह्यजे. माह्या नावाचं. अन् बाबाची खोली."

संघपाल दोन पावलं पुढे आला.

"येगळी चूल? ताई, दोन भाऊ धडधाकट असून? गाव काय म्हनन?"

"सकाळी मंगेशच्या दुकानात अर्धं गाव होतं," वच्छला म्हणाली. "जे म्हनाचं ते म्हनून झालं त्याईचं. भाऊजी, तुमी विहारात जे बोलले ते मी आयकलं. चांगलं बोलले. तेच घरात बोला न आता."

हे बोलणं कोणाकडून यावं? एके काळी नणंदेशी जिचं वरणावरून जमलं नव्हतं, तिच्याकडून. संघपाल भावाकडे वळला. हिरालालने खांदे उडवले. दोघांची एक झालेली बाजू पुन्हा दुभंगली होती.

"बाबानं सांगतलं होतं तुले सांभाळाले," संघपाल जरा रडवेला होऊन म्हणाला.

"सांभाळलं न तुमी. चांगलं सांभाळलं. आता मले एकदा तुमाले जेवाले बोलवाचं हाय. माह्या घरी. माह्या घरी आजवर कोनी पाहुना आला नाही रे."

संघपाल खाली बसला.

आता सगळे करुणाकडे पाहू लागले, कारण खोली गेली तर तिचं दुकान जाणार होतं. तिने खिडकी कुठे येईल ते खडूने आखून ठेवलं होतं. दुकानाची पाटी कोणत्या रंगाची, ते ठरवलं होतं. पडवीत मशीनवर बसून तिची पाठ धरायची, पावसाची झड आली की ब्लाउजं भिजायची. तिने ते लपवलं नाही.

"मले वाईट वाटून राहिलं ताई," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू."

"वाटनच. तू दोन वर्सं वाट पाह्यली," आनंदाबाई म्हणाली. "खोली लांब हाय करुणा. खिडकीकडची बाजू तुही. दिवसा तू शिव. काजं-बटनं मी करीन."

"तुमाले दिसते का काजं कराले?"

"चश्मा हाय न."

"तो कानाले बांधलेला? दोऱ्याचा?"

"तोच."

करुणाला हसू आलं, पण तिने ते पुरतं येऊ दिलं नाही. "पाहू," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, अजून जरा फुगलेल्या आवाजात, "सोमवारी मिस्त्री येतेच हाय. पाडाच्या ऐवजी चूल नीट कराले सांगते. अन् मोरी पाह्यजे. मोरीबिगर घर नाही होत."

तृप्तीने पिशवीतून कोरा कागद काढला आणि बाजेवर बसून अर्ज लिहायला घेतला. कुटुंबप्रमुख, आनंदाबाई सुखराम रामटेके. व्यवसाय, यापुढे तिने "रोवणा" लिहिलं. कुटुंबातील एकूण व्यक्ती, एक. हा एकचा आकडा हिरालालने तिच्या खांद्यावरून वाचला आणि तो बराच वेळ अस्वस्थ राहिला.

*

आश्विन पौर्णिमेला आनंदाबाईने दोन्ही घरांना जेवायला बोलावलं. करुणाला स्वतः जाऊन, वच्छलाला स्वतः जाऊन, भावांना वेगळं. जवळ होती म्हणून तिथूनच हाक मारली नाही.

हिरालाल सकाळपासून बेचैन होता. त्याने धुतलेला पायजमा काढला, मग धोतर काढलं, मग पुन्हा पायजमा. बावीस पावलं जायचं होतं, तीही नाहीत, खोली तर मधेच.

"असेच चालले का रिकाम्या हातानं?" वच्छलाने हटकलं. "बहिनीच्या घरी जाते का कोनी तसं?" तिने हलक्या धानाचा नवा तांदूळ भरलेली पिशवी त्याच्या हातात दिली, वर एक नऊवारी. ती स्वतः मागून येणार होती. आधी भावाने जायचं असतं.

पिशवी घेऊन तो अंगणात उतरला आणि त्याला आठवलं की बहिणीच्या घरी तो आयुष्यात एकदाच गेला होता. करडीला, अकरा वर्षांचा असताना, बापाचं बोट धरून. ताईने पडवीत येऊन पाय धुवायला पाणी दिलं होतं. लोटा परत घेताना तिचे डोळे गळत होते. "काय झालं ग?" त्याने विचारलं, आणि ती म्हणाली होती, "धूर लागला चुलीचा." बापाने तिच्याकडे पाहिलं होतं आणि मग दुसरीकडे पाहिलं होतं. एकावन्न वर्षांनी हिरालालला ते नीट समजलं.

खोलीचं दार उघडं होतं. भिंती पांढऱ्या मातीने सारवल्या होत्या. खिडकीखाली करुणाची मशीन आली होती, "पाहू" म्हणता म्हणता. कार्ड अजून हातात यायचं होतं. मंगेश म्हणाला होता, महिना-दोन महिने लागतील. पण अर्जाची पोच पेटीत होती, आणि पेटी भिंतीला लावून, खाली चार विटा देऊन, कायमची ठेवलेली होती. पाटावर ताटं मांडली होती. नव्या भाताचा, लाखोळीच्या वरणाचा वास येत होता. पौर्णिमा म्हणून तलावातल्या झिंग्यांना आज ताटातून सुट्टी होती.

हिरालाल उंबऱ्याबाहेर थांबला. एरवी तो या खोलीत पोती टाकायला चपलेसकट शिरायचा. आज त्याला शिरता येईना.

"ताई," त्याने हाक मारली.

आनंदाबाई आतून आली. दोऱ्याचा चष्मा, नवं पातळ. तिच्या हातात भरलेला लोटा होता. पितळेचा, चिंचेने घासलेला. ती दारात उभी राहिली, तिने भावाकडे नीट पाहिलं, जसं दुरून चालत आलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

"आले का पाहुने," ती म्हणाली. "घ्या, पाय धुवा."

हिरालालने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी लोटा घेतला. त्याला समोरचं धड दिसेना.

"काय झालं रे?"

"धूर लागला चुलीचा," हिरालाल म्हणाला.

"चूल त कवाची इझवली मी," आनंदाबाई म्हणाली. "धू पाय. भात थंडा होऊन राहिला."